शंभरातले दहा सापडतात, दहा निसटतात

एका जनरल प्रॅक्टिशनरच्या दवाखान्यात १०० प्रौढ पेशंट येऊन गेले. सर्दी-खोकला, कंबरदुखी, बीपी, शुगर, अॅसिडिटी, असं नेहमीचंच. त्यांतल्या २० जणांना नैराश्याचा आजार आहे असं धरा. रात्री शटर खाली ओढलं जातं तेव्हा डॉक्टरांनी त्यांतले १० जण ओळखलेले असतात. १० जण निसटून घरी गेलेले असतात. आणि ज्यांना हा आजार नाहीच, अशा १५ जणांना डॉक्टरांनी नैराश्याच्या खात्यात टाकलेलं असतं.

हा हिशेब हवेतला नाही. मिचेल, वझे आणि राव या तिघा संशोधकांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो मांडला. निकषांत बसणारे ४१ अभ्यास आणि ५०,३७१ पेशंट त्यांनी एकत्र तपासले. नैराश्य असलेल्या माणसाला साधा डॉक्टर सुमारे ५० टक्के वेळा ओळखतो आणि नसलेल्याला ‘नाही’ म्हणतो ते सुमारे ८१ टक्के वेळा, असं त्यातून निघालं. वरच्या शंभरावर हे टक्के लावा. डॉक्टर २५ जणांना ‘हो’ म्हणतात, त्यांतले १० खरे. ७५ जणांना ‘नाही’ म्हणतात, त्यांतले ६५ बरोबर. म्हणजे डॉक्टरांच्या ‘नाही’वर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो, ‘हो’ मात्र निम्म्याहून जास्त वेळा चुकलेला असतो. कागदावर तर याहून कमी उतरतं. आजारी असलेल्या तिघांतल्या एकाच्याच नोंदीत नैराश्याचा उल्लेख सापडला.

यातले बरेचसे अभ्यास युरोप-अमेरिकेतले आहेत, जिथे डॉक्टरला पेशंटमागे दहा-पंधरा मिनिटं मिळू शकतात. आपल्याकडचं चित्र त्याहून बरं असेल असं मानायला मला तरी कारण दिसत नाही.

डॉक्टरांना मनाच्या आजाराचं गांभीर्य नसतं, पेशंटला ते ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून वाटेला लावतात, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. तक्रार खोटी नाही. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांचे आकडे ओळीने लावून पाहिले की दोष डॉक्टरांच्या वृत्तीपेक्षा त्यांच्या खुर्चीभोवतीच्या व्यवस्थेकडे जास्त सरकतो. पुढे काही करता येण्यासारखं हाताशी असेल तर डॉक्टरांची वृत्तीही बरी असते. नसेल तर चांगल्या वृत्तीचा डॉक्टरही बी-कॉम्प्लेक्सच लिहितो.

पेशंट काय घेऊन येतो

नैराश्य असलेला माणूस दवाखान्यात येऊन ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत नाही. याचाही आकडा आहे. ग्रेगरी सायमन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या एका मोठ्या पाहणीतली माहिती छापली. १४ देश, १५ केंद्रं, तपासणीच्या पहिल्या चाळणीतून गेलेले २५,९१६ लोक. या पाहणीतलं भारताचं केंद्र बंगळूरला होतं. सगळ्या केंद्रांत मिळून १,१४६ जणांना नैराश्याचा पुरा आजार होता, आणि त्यांपैकी ६९ टक्के लोकांनी दवाखान्यात येण्याचं कारण म्हणून फक्त शरीराच्या तक्रारी सांगितल्या. केंद्रागणिक हा आकडा ४५ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत हलतो.

‘आपली माणसं मनातलं बोलत नाहीत, अंगावर काढतात’ असं आपण म्हणतो आणि ते आपल्याच मातीचं वैशिष्ट्य समजतो. पण ६९ टक्के ही १४ देशांची सरासरी आहे. जिथे पेशंटचा एकच एक ठरलेला डॉक्टर नसतो, तिथे हे प्रमाण जास्त, असंही त्याच अभ्यासात दिसलं. म्हणजे दुखणं अंगावर घालून सांगण्यात संस्कृतीइतकाच वाटा समोरचा डॉक्टर ओळखीचा आहे की नाही याचाही आहे.

याच अभ्यासातला दुसरा आकडा मला जास्त मोलाचा वाटतो. मनाच्या लक्षणांबद्दल थेट विचारलं तेव्हा ‘तसलं काही नाही’ म्हणणारे फक्त ११ टक्के निघाले. उरलेल्या ८९ टक्क्यांनी सांगितलं. आपणहून सांगत नाहीत, विचारलं की सांगतात.

आता आपल्याकडची कोणतीही ओपीडी डोळ्यांसमोर आणा. पन्नाशीच्या बाई स्टुलावर बसल्यात. “काय होतंय, मावशी?” “अंग मोडून येतं बघा डॉक्टर. डोकं जड जड राहतं. हातापायांत जीवच नाही.” “जेवण?” “अन्न गोड लागत नाही.” “झोप?” “झोप कुठली आलीय.” डॉक्टर बीपी बघतात, पापणी खाली ओढून रक्त कमी आहे का बघतात, केसपेपरवर अशक्तपणा लिहितात. हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर. अॅसिडिटीची गोळी, कॅल्शियम, एक टॉनिक. बाई उठता उठता म्हणतात, “एखादी सलाईन लावता का? बरं वाटतं त्यानं.” आठ दिवसांनी रिपोर्ट नॉर्मल येतात. “काही झालेलं नाही तुम्हाला, मावशी. मन रमवा.” रिपोर्टमध्ये काही नाही, हे मावशींच्या दृष्टीने चांगलं नव्हे, वाईटच. कारण मग होतंय ते काय, हा प्रश्न तसाच शिल्लक राहतो, आणि घरच्यांच्या हातात एक कागद येतो: डॉक्टरच म्हणाले काही झालेलं नाही.

या संवादात डॉक्टर कुठे उद्धट वागलेले नाहीत. भूक आणि झोप हे दोन प्रश्न त्यांनी विचारलेसुद्धा. तिसरा विचारायचा राहिला, कशात मन लागतं का. तो का राहिला याचं एक उत्तर घड्याळात आहे. २०१७ मध्ये ‘बीएमजे ओपन’मध्ये ६७ देशांतल्या तपासणीच्या वेळेचा आढावा आला. स्वीडनमध्ये पेशंटमागे साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद. जगाची निम्मी लोकसंख्या ज्या १८ देशांत राहते तिथे ५ मिनिटं किंवा त्याहून कमी. भारताच्या नावापुढे जेमतेम २ मिनिटं आहेत. त्यात बीपीचा पट्टा गुंडाळायलाच एक मिनिट जातं.

वृत्ती बदलली, आकडा हलला नाही

डॉक्टरांची वृत्ती मोजण्यासाठी एक प्रश्नावली आहे. १९९२ मध्ये बोटेगा आणि सहकाऱ्यांनी ती ब्रिटनमधल्या जनरल प्रॅक्टिशनरांसाठी तयार केली. वीस विधानं, प्रत्येकाशी डॉक्टर किती सहमत आहे ते नोंदवायचं. म्हातारपणी खिन्नता यायचीच का, हा आजार की स्वभावाचा दोष, अशा पेशंटबरोबर काम करणं जड जातं का, गोळ्यांनी फरक पडतो का, आपण हे काम निभावू शकू असं वाटतं का, अशा आशयाची ती विधानं आहेत. पुढे २०१५ मध्ये तिची २२ विधानांची सुधारित आवृत्ती आली. अनेक देशांत ती वापरली गेली. अशा पाहण्यांचं एक बरं असतं, निष्कर्ष ठरलेला असतो: डॉक्टरांना प्रशिक्षण द्या, वृत्ती सुधारेल.

इंग्लंडमधल्या हॅम्पशायर परगण्यात हे करूनही पाहिलं. नीट आखणी करून, प्रशिक्षण मिळालेले दवाखाने आणि न मिळालेले दवाखाने अशी चिठ्ठ्या टाकून विभागणी केली. निकाल २००० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. २१,४०९ पेशंट तपासले गेले, पैकी ४,१९२ जणांत नैराश्याची लक्षणं सापडली. प्रशिक्षण डॉक्टरांना आवडलं. यापुढे आपली उपचाराची पद्धत बदलेल असं त्यांच्यातल्या ८० टक्क्यांना वाटलं. वृत्तीच्या कोणत्याही फूटपट्टीवर हा घवघवीत निकाल म्हणायला हवा.

आणि प्रत्यक्षात? प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनी ३९ टक्के आजारी ओळखले, न घेतलेल्यांनी ३६ टक्के. पेशंट बरे होण्यातही सांगण्यासारखा फरक नाही.

८० टक्के आणि ३९ विरुद्ध ३६ टक्के. डॉक्टरांसाठी एक दिवसाची कार्यशाळा, त्यानंतर जेवण आणि प्रमाणपत्र, एवढ्यावर मानसिक आरोग्याचा कार्यक्रम उरकणाऱ्या प्रत्येक खात्याने हे आकडे भिंतीवर लावावेत असं मला वाटतं.

प्रशिक्षणाच्या बाजूने नेहमी एक उदाहरण दिलं जातं, स्वीडनच्या गोटलंड बेटाचं. १९८३-८४ मध्ये तिथल्या जनरल प्रॅक्टिशनरांना नैराश्याच्या उपचारांचं पद्धतशीर शिक्षण दिलं आणि पुढच्या काळात बेटावरच्या आत्महत्या कमी झाल्या. पण बेटाची लोकसंख्या ५०-६० हजारांच्या घरात, त्यामुळे दोन-चार घटनांनीही दर वरखाली होतो. घट मुख्यतः बायकांमध्ये होती, पुरुषांमध्ये नाही. आणि दोन-तीन वर्षांत शिकलेल्यांपैकी बरेच डॉक्टर बेट सोडून गेले तसा परिणामही ओसरला. शिकवलेलं माणसाबरोबर निघून गेलं, दवाखान्यात उरलं नाही.

गोव्यातला दुहेरी निकाल

आता जवळचं उदाहरण. विक्रम पटेल आणि गोव्याची ‘संगत’ ही संस्था यांनी केलेला ‘मानस’ हा प्रयोग या विषयात जगभर नावाजला गेला. गोव्यातले २४ दवाखाने निवडले, १२ सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि १२ खासगी डॉक्टर. आलेल्या पेशंटना १२ प्रश्नांची एक छोटी चाचणी दिली. त्यात अडकलेले २,७९६ जण प्रयोगात घेतले. निम्म्या दवाखान्यांत एक समुपदेशक बसवला. मानसशास्त्राची पदवी नाही, स्थानिकच मुलगी, दोनेक महिन्यांचं प्रशिक्षण दिलेली. तिने पेशंटशी बोलायचं, आजार समजावून सांगायचा, ज्याला गरज असेल त्याच्यासाठी डॉक्टरांनी गोळी लिहायची, आणि मधूनमधून येणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाने अवघड पेशंट पाहायचे. उरलेल्या निम्म्या दवाखान्यांत समुपदेशक नाही. पण तिथल्या डॉक्टरांनाही चाचणीचा निकाल आणि उपचारांची पुस्तिका दिली होती. म्हणजे ‘आम्हाला कळलंच नाही’ ही सबब दोन्हीकडे संपलेली.

सहा महिन्यांनी, चिंता किंवा नैराश्याचं पक्कं निदान झालेल्यांपैकी समुपदेशक असलेल्या दवाखान्यांतले ६५ टक्के बरे होते, नसलेल्यांतले ५२.९ टक्के. २०१० मध्ये हा निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा बातमी एवढीच झाली.

गंमत त्या आकड्यांच्या पोटात आहे. सरकारी आणि खासगी वेगळे काढले की असं दिसतं: सरकारी केंद्रांत समुपदेशक असेल तर ६५.९ टक्के बरे, नसेल तर ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत समुपदेशक असेल तर ६४.१ टक्के, नसेल तर ६५.९ टक्के. खासगीत समुपदेशकाने काहीच फरक पडला नाही. कारण फरक पडायला जागाच नव्हती. एकट्या फॅमिली डॉक्टरच्या पेशंटांनी जो आकडा गाठला, अगदी तोच दशांशासकट सरकारी केंद्राने समुपदेशक बसवल्यावर गाठला.

यावरून खासगी डॉक्टर प्रेमळ आणि सरकारी डॉक्टर कोरडे, असं म्हणायचं तर ते सोपं आहे आणि बहुधा चुकीचंही. खासगीत जाणारा पेशंट खिशाने आणि शिक्षणाने थोडा बरा असतो, तेव्हा सगळं श्रेय डॉक्टरांचं नाही. पण दुसरीही बाजू आहे. खासगी डॉक्टर त्याच गल्लीत वीस वर्षं असतो. सून आली, सासरा गेला, धंदा बसला, हे त्याला केसपेपर न उघडता माहीत असतं. सरकारी डॉक्टरची बदली होते. सुरुवातीच्या ५०,३७१ पेशंटांच्या आढाव्यातही हेच आलं होतं. एकाच भेटीत निदान करण्यापेक्षा ३ ते १२ महिन्यांच्या अवधीत पुन्हा पुन्हा पाहिलेला पेशंट डॉक्टर जास्त अचूक ओळखतात. ओळख असणं हाही तपासणीचाच भाग आहे. सरकारी केंद्रात ती ओळख बदलीच्या ऑर्डरबरोबर जाते आणि त्या समुपदेशक मुलीने ती जागा भरून काढली, असा माझा अर्थ. पुढच्या मोजणीत, सरकारी केंद्रांच्या पक्क्या निदानाच्या पेशंटांमध्ये आत्महत्येचे प्रयत्न किंवा बेत ३६ टक्क्यांनी कमी झाल्याचंही दिसलं.

त्याच मंडळींनी पुढे आणखी एक प्रयोग केला. या वेळी १० सरकारी केंद्रं आणि मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्य असलेले ४९५ पेशंट. समुपदेशकाबरोबर सहा ते आठ बैठका, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाची. बोलण्याचा विषयही साधा: कोणत्या गोष्टी करायचं सोडून दिलंय, त्यांतली कोणती या आठवड्यात पुन्हा सुरू करता येईल. तीन महिन्यांनी बैठका झालेल्यांतले ६४ टक्के आजारातून बाहेर होते. ज्यांच्याबाबत डॉक्टरांना फक्त चाचणीचा आकडा कळवला होता त्यांतले ३९ टक्के. वर्षभराने ६३ विरुद्ध ४८.

सहा बैठका अर्ध्या तासाच्या धरल्या तरी १८० मिनिटं होतात. दोन मिनिटांच्या तपासणीत एवढं बोलणं भरून काढायचं तर एकाच पेशंटला ९० वेळा यावं लागेल. डॉक्टरने वेळ द्यावा, असं सांगताना आपण कोणता वेळ मागतोय ते या भागाकारात दिसतं.

महाराष्ट्राकडे यायचं तर अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत झालेल्या ‘विश्राम’ या कार्यक्रमाचे आकडे आहेत. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी ते २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त मांडले. शेतकरी आत्महत्यांच्या पट्ट्यातली ही गावं. गावातच राहणारे आरोग्य कार्यकर्ते, त्यांच्यावर समुपदेशक, आणि गरज लागली तर तज्ज्ञ, अशी उतरंड. कार्यक्रमाआधी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या उपचारापर्यंत पोचले होते. दीड वर्षाने २७.२ टक्के पोचले. वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आलेल्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. तुलनेला दुसरी गावं नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय कार्यक्रमाला देता येणार नाही. पण ४.३ चे २७.२ आपोआप होत नाहीत.

डॉक्टरांची बाजू

ओपीडीत हा प्रश्न का विचारत नाही, असं खासगीत बोलताना डॉक्टरांना विचारा. ‘वेळ नाही’ हे पहिलं उत्तर येतं. जरा बोलतं केलं की दुसरं येतं: विचारून करू काय?

या प्रश्नात दम आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण ‘निम्हान्स’ या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलं. त्यासाठी १२ राज्यं निवडली होती, महाराष्ट्र आणि गोवा त्यांत नव्हते, हे आपल्याकडे तो अहवाल उद्धृत करताना हमखास विसरलं जातं. त्यात नैराश्याच्या उपचारांतली तूट ८५.२ टक्के निघाली. म्हणजे १०० आजाऱ्यांतले ८५ उपचाराविना. मनोविकारतज्ज्ञांचं प्रमाण मध्य प्रदेशात लाखामागे ०.०५, केरळात १.२. पुढे २०१९ मध्ये एका अंदाजानुसार देशात सुमारे ९,००० मनोविकारतज्ज्ञ होते. २०१७ सालाबद्दलच्या आजार-भार अभ्यासात भारतातल्या नैराश्याच्या रुग्णांचा अंदाज होता ४ कोटी ५७ लाख. एका तज्ज्ञाच्या वाट्याला ५,००० हून जास्त. प्रत्येकाला फक्त एकदाच, २० मिनिटं पाहायचं ठरवलं तरी दिवसाला आठ तास बसून त्याला २१० दिवस लागतील. दुसरी भेट पुढच्या वर्षी. आणि स्किझोफ्रेनिया, व्यसनं, बाकी सगळे आजार? ते यात धरलेलेच नाहीत. तेव्हा ‘सायकिअॅट्रिस्टकडे जा’ ही चिठ्ठी बहुतेक तालुक्यांत कुठेच जात नाही. शिवाय ती हातात देताच पेशंटचा चेहरा बदलतो. “मला वेड लागलंय का डॉक्टर?” या एका वाक्यापायी दहा वर्षांचा पेशंट शेजारच्या दवाखान्यात जातो, आणि हा तोटा कोणत्याही अभ्यासात मोजलेला नसतो.

चाळणी लावायची म्हटलं तरी हिशेब सरळ नाही. न्यूझीलंडमध्ये २००३ मध्ये फक्त दोन तोंडी प्रश्न तपासून पाहिले. गेल्या महिन्यात उदास, हताश वाटत होतं का, आणि कशात रस, आनंद वाटेनासा झाला होता का. दोन्हींपैकी एकाला तरी ‘हो’ आलं तर पुढे पाहायचं. ४२१ पेशंटांत या दोन प्रश्नांनी ९७ टक्के आजारी पकडले. फक्त, निरोगी माणसाला बरोबर सोडून देण्याचं प्रमाण ६७ टक्के. हे आपल्या पहिल्या शंभरावर लावा. २० आजाऱ्यांतले १९ सापडतील, फार तर एक निसटेल. पण त्यांच्याबरोबर ८० निरोग्यांतले २६ जणही रांगेत येतील. ४५ माणसं, प्रत्येकाशी दहा मिनिटं, साडेसात तास. अर्धं मिनिट खाणारे दोन प्रश्न डॉक्टरच्या टेबलावर साडेसात तासांचं काम टाकतात. ते काम दुसऱ्या कोणाकडे देता येत नसेल तर प्रश्न न विचारण्यातच शहाणपण आहे, असं एखाद्याने ठरवलं तर त्याला निष्काळजी म्हणताना माझी जीभ अडखळते.

औषधांबाबत मात्र ही सूट देता येत नाही. फ्लुऑक्सेटिन आणि एस्सिटॅलोप्रॅम ही दोन्ही औषधं राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. गोळ्या महाग नाहीत. तरीही आपल्याकडच्या चिठ्ठ्यांवर झोपेची गोळी आणि व्हिटॅमिनचं इंजेक्शन जास्त सहज उतरतं. झोपेच्या गोळीने त्याच रात्री बरं वाटतं, नैराश्याच्या औषधाला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही ते सहा-नऊ महिने चालू ठेवावं लागतं. ‘सवय लागेल का?’ हा प्रश्न पेशंट नेमका दुसऱ्या गोळीबद्दल विचारतो, आणि सवय लागण्याचा धोका पहिलीला असतो. साध्या डॉक्टरांसाठीच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेत, कारण न सापडणाऱ्या शारीरिक तक्रारींसाठी व्हिटॅमिनची इंजेक्शनं देऊ नका, असं स्पष्ट म्हटलं आहे. हे समजायला तज्ज्ञ लागत नाही.

आणखी एक भीती असते, ती पोलिसांची. आत्महत्येचा विषय काढला आणि पुढे काही घडलं तर प्रकरण आपल्यावर शेकेल. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरून त्याच्यावर खटला चालवू नये, अशी तरतूद केली आहे. भीती मात्र कायद्याच्या मागे काही वर्षं चालत येते. ती किती महाग पडते याचा अंदाज २००२ मधल्या एका आढाव्यातून येतो. पाश्चात्त्य देशांतल्या ४० अभ्यासांवर आधारलेला हा आढावा सांगतो की आत्महत्या केलेल्यांपैकी सुमारे ४५ टक्के लोक शेवटच्या महिन्यात आपल्या साध्या डॉक्टरकडे जाऊन आलेले होते. मनोविकारतज्ज्ञांकडे किंवा समुपदेशकांकडे गेलेले याच्या निम्मेही नव्हते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्या झाल्या, देशात सर्वांत जास्त. त्यांतले किती जण आदल्या महिन्यात कोणत्या दवाखान्याच्या बाकावर बसले होते, हा रकाना नोंदणीच्या तक्त्यात नाही.

एप्रन घातलेले पेशंट

डॉक्टरांच्या वृत्तीबद्दल बोलताना डॉक्टरांच्या स्वतःच्या आजाराबद्दल फारसं बोललं जात नाही. ‘जामा’मध्ये २०१६ साली ४७ देशांतल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचा आढावा आला. २७.२ टक्के विद्यार्थ्यांत नैराश्य किंवा त्याची लक्षणं, ११.१ टक्क्यांत आत्महत्येचे विचार. आणि ज्यांना नैराश्य असल्याचं चाचणीत दिसलं, त्यांतल्या फक्त १५.७ टक्क्यांनी उपचार घेतले. ज्यांच्या अभ्यासक्रमातच हा आजार आहे आणि ज्यांचं हॉस्टेल मनोविकार विभागापासून चालत पाच मिनिटांवर असतं, त्यांचा हा आकडा.

आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये ऑनलाइन पाहणी केली. २५,५९० पदवीच्या आणि ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली. पदवीच्या २७.८ टक्क्यांनी मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं, १६.२ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं. पदव्युत्तरांत निदान झालेले १५.३ टक्के, विचार येऊन गेलेले मात्र ३१.२ टक्के. आपणहून भरलेल्या पाहणीला मर्यादा असतात, पण दुसऱ्या जोडीकडे पुन्हा पाहा. खालच्या वर्गात निदान जास्त आणि विचार कमी. वरच्या वर्गात, जिथे सलग छत्तीस तासांच्या ड्युट्या लागतात, तिथे विचार दुप्पट आणि निदान निम्मं. शिकत जाईल तसा डॉक्टर लपवायलाही शिकतो, असं मी यातून वाचतो. कोणी वेगळंही वाचेल. आपल्या स्वतःच्या गोळीची पट्टी कपाटात दडवून ठेवणाऱ्याला दुसऱ्याला ‘यात लाजण्यासारखं काही नाही’ हे सांगणं जड जात असणार, हेही ओघानेच आलं.

एमबीबीएसला मनोविकारशास्त्राची स्वतंत्र परीक्षा नसते, मेडिसिनच्या पेपरात काही गुणांचे प्रश्न येतात. अनेक वर्षं इंटर्नशिपमध्ये हा विषय ऐच्छिक होता, २०२१ च्या नियमांनी दोन आठवडे सक्तीचे केले. ओपीडीतल्या दर पाचव्या माणसाला असू शकणाऱ्या आजाराला दोन आठवडे.

आरोग्य यंत्रणेने चाळणीचं काम आता आशाताईंकडे दिलंय. तिशीपुढच्या प्रत्येकासाठी त्या जो तपासणी फॉर्म भरतात, त्याच्या सुधारित नमुन्यात नैराश्याचे दोन प्रश्न आले आहेत, न्यूझीलंडमध्ये विचारले होते तशाच धर्तीचे. गुणांची बेरीज तीनच्या वर गेली की माणसाला उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे किंवा प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरांकडे पाठवायचं. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानसची १४४१६ ही हेल्पलाइनही आहे. म्हणजे ‘आम्हाला कळलंच नाही’ ही सबब आता गावपातळीवरही संपत चालली आहे. मात्र त्या केंद्रात डॉक्टरांशेजारच्या खोलीत अर्धा तास बोलायला बसणारं माणूस नेमलेलं नसेल तर काय होतं, हे नव्याने शोधायची गरज नाही. डॉक्टरांच्या हातात बेरजेचा आकडा दिला पण असं माणूस दिलं नाही, तेव्हा गोव्यातल्या सरकारी केंद्रांत एका वेळी ४२.५ टक्के बरे झाले होते आणि दुसऱ्या वेळी ३९.